१९६७ : ब्रिटिश संगीताचं एक वर्ष – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९६७ म्हटलं की बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम आणि केसांत फुलं माळलेली तरुण पोरं डोळ्यांपुढे येतात. ते चित्र खरं आहे, पण अर्धंच. त्या वर्षी ब्रिटनमधल्या घराघरांत काय वाजत होतं, रेडिओवर कुणाचा ताबा होता आणि रेकॉर्डवर ज्यांची नावंच छापली गेली नाहीत ते वादक कोण होते, हे कळल्याशिवाय वर्ष पुरं कळत नाही. या वर्षाबद्दल नव्या श्रोत्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

इतकी वर्षं असताना १९६७ च का?

दोन मोठे बदल एकाच वर्षात झाले म्हणून. पहिला स्टुडिओत झाला. तोवर रेकॉर्ड म्हणजे वादकांनी जे वाजवलं त्याची नोंद. आता रेकॉर्ड ही स्वतंत्रपणे घडवायची गोष्ट झाली. मंचावर वाजवता येणारच नाही असं संगीत लोक जाणूनबुजून करू लागले. दुसरा बदल रेडिओत झाला. पॉप संगीत ऐकवणारी खासगी केंद्रं कायद्यानं बंद झाली आणि तेच काम बीबीसीनं अंगावर घेतलं. पहिल्या बदलावर ढीगभर लिहिलं गेलंय. माझ्या मते दुसराही तितकाच मोठा होता, कारण गाणं कितीही चांगलं असलं तरी ते कानावर पडायला हवं ना!

त्या वर्षी ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल कुणाचं?

एंगलबर्ट हम्परडिंक यांचं ‘रिलीज मी’. बीटल्सचं नाही, रोलिंग स्टोन्सचंही नाही. मार्च-एप्रिलमध्ये हे गाणं खपाच्या यादीत सलग सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि एकट्या ब्रिटनमध्ये त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. संथ, भरल्या गळ्यानं गायलेलं निरोपाचं गाणं. ‘संडे नाइट ॲट द लंडन पॅलेडियम’ या टीव्हीवरच्या कार्यक्रमात आयत्या वेळी दुसऱ्या गायकाच्या जागी ते गायले आणि गाणं रातोरात वर गेलं.

भारतीय वाचकाला यात आणखी एक गंमत सापडेल. हम्परडिंक यांचं मूळ नाव अर्नोल्ड जॉर्ज डॉर्सी आणि जन्म १९३६ मध्ये मद्रासचा. लहानपणीच कुटुंब इंग्लंडला, लेस्टरला गेलं. मंचावरचं नाव मॅनेजरनं एका जुन्या जर्मन संगीतकाराचं उचललं.

फेब्रुवारीत आलेलं बीटल्सचं ‘पेनी लेन’ आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ हे जोडसिंगल याच गाण्यामुळे दुसऱ्या क्रमांकावर अडलं. तेव्हा एकच अधिकृत यादी नव्हती. ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाच्या यादीत हेच जोडसिंगल पहिलं आलं होतं. पण आज जी यादी प्रमाण मानतात, तिच्यात ते दुसरंच आहे. हा निकाल ऐकून बीटल्सप्रेमी चिडतात. मला मात्र तो त्या काळाचा फार प्रामाणिक पुरावा वाटतो. रेकॉर्ड फक्त तरुण घेत नव्हते. त्यांच्या आया, मावश्या, आज्ज्याही घेत होत्या आणि त्यांना आवडलेलं गाणंही त्या वर्षाचंच आहे. अल्बमच्या यादीतही ‘सार्जंट पेपर’च्या खालोखाल वर्षभर खपला तो ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या चित्रपटाच्या गाण्यांचा अल्बम.

जिमी हेंड्रिक्स अमेरिकन होता. मग त्याला ब्रिटिश संगीतात का धरतात?

त्याचं नाव लंडनमध्ये झालं म्हणून. ‘द ॲनिमल्स’ या ब्रिटिश बँडचे बासवादक चॅस चँडलर त्याला सप्टेंबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कहून घेऊन आले. मिच मिचेल आणि नोएल रेडिंग या दोन इंग्रज वादकांबरोबर त्याचा त्रिकुटी बँड लंडनमध्येच बांधला गेला. पहिला अल्बम ‘आर यू एक्सपिरियन्स्ड’ मे १९६७ मध्ये आधी ब्रिटनमध्ये निघाला, अमेरिकेत नंतर.

त्याच्या दोन संध्याकाळी जरूर माहीत असाव्यात. ३१ मार्चला लंडनच्या फिन्सबरी पार्क ॲस्टोरियात त्यानं मंचावर गिटार पेटवली. या दौऱ्यात त्याच्या जोडीला कोण होतं? वॉकर ब्रदर्स, कॅट स्टीव्हन्स आणि, होय, एंगलबर्ट हम्परडिंक. एकाच तिकिटात ‘रिलीज मी’ही आणि पेटलेली गिटारही. तेव्हाचे दौरे असेच असत. पाच-सहा नावं एकत्र बांधायची आणि प्रत्येकानं थोडा वेळ गायचं. दुसरी संध्याकाळ ४ जूनची, सॅव्हिल थिएटरमधली. ‘सार्जंट पेपर’ अधिकृतपणे बाहेर येऊन तीन दिवस झाले होते. हेंड्रिक्सनं त्याच्याच शीर्षकगीतानं कार्यक्रम उघडला. पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन समोर बसले होते.

‘सार्जंट पेपर’मध्ये एवढं काय आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

ऑगस्ट १९६६ नंतर बीटल्सनी दौरे बंद केले. प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात त्यांचं त्यांनाच ऐकू येत नसे. आता मंचावर वाजवायचंच नाही म्हटल्यावर हात मोकळे झाले. नोव्हेंबर १९६६ ते एप्रिल १९६७ एवढा काळ ते लंडनच्या सेंट जॉन्स वुड भागातल्या ॲबी रोडवरच्या, ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बसले. निर्माते जॉर्ज मार्टिन, ध्वनिमुद्रक तरुण जेफ एमेरिक.

त्यांच्याकडे चार ट्रॅकचं, म्हणजे एकाच टेपवर चार वेगळे आवाज शेजारी शेजारी नोंदवणारं मशीन होतं. चारच. ते भरले की चारही ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या मशीनच्या एका ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं वाजवायचं. एकदा उतरवलं की आधीचा तोल बदलता येत नसे. ड्रम जरा दबले, तर दबलेच राहिले. म्हणून प्रत्येक टप्प्याला कान लावून निर्णय घ्यावा लागे. आज मोबाइलवरही कितीतरी ट्रॅक मिळतात. चार ट्रॅकमधून हे सगळं कसं काढलं असेल हा विचार मनात ठेवून हेडफोनवर ऐका. अल्बम वेगळाच भासतो.

शेवटचं ‘अ डे इन द लाइफ’ घ्या. मधल्या २४ मात्राखंडांची जागा रिकामी होती. १० फेब्रुवारीला ४० वादकांचा ऑर्केस्ट्रा बोलावला आणि सांगितलं, आपल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या सुरापासून सुरू करा आणि २४ खंड संपताना सर्वांत वरच्या सुराला पोचा. वाटेत शेजाऱ्याचं ऐकू नका. सिम्फनीत आयुष्य घालवलेल्या माणसांना नेमकं उलटं शिकवलेलं असतं! त्यात त्यांना गमतीचे मुखवटे आणि खोटी नाकंही दिली होती. एका व्हायोलिनवादकानं हातात गोरिलाचा पंजा चढवला होता. हे सगळं टेपवर अनेकदा घेऊन एकावर एक चढवलं. मग २२ फेब्रुवारीला शेवटचा स्वरसमूह. तीन पियानोंवर एकाच क्षणी हात पडले, जोडीला हार्मोनियम. आवाज विरत गेला तसतसे एमेरिक माइकची पातळी वाढवत राहिले. चाळीस सेकंदांहून जास्त तो नाद टिकतो. शेवटी शेवटी कान देऊन ऐकलंत तर कुणाच्या तरी खुर्चीची करकरही ऐकू येते.

‘शीज लीव्हिंग होम’मधली हार्प शीला ब्रॉमबर्ग यांनी वाजवली. बीटल्सच्या रेकॉर्डवर वाजवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

जूनपासून हा अल्बम ब्रिटनच्या यादीत सलग २३ आठवडे पहिला होता. एलपीच्या वेष्टनाच्या पाठीवर गाण्यांचे शब्द छापले होते, हेही पॉपमध्ये नवंच. लोक रेकॉर्ड लावून शब्द वाचत बसत.

मुखपृष्ठावरून महात्मा गांधींना खरंच काढलं?

हो. मुखपृष्ठावर नामवंतांची गर्दी आहे. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या चित्रकारांनी रचलेल्या त्या गर्दीत गांधीजी होते. ईएमआयचे प्रमुख सर जोसेफ लॉकवूड यांनी त्यांना काढायला लावलं. भारतात लोक दुखावले जातील अशी त्यांना धास्ती वाटत होती. धंद्याचा विचारही असणारच, कारण कोलकात्याच्या डमडमला ईएमआयच्याच कंपनीचा कारखाना होता. हॅरिसनच्या आग्रहानं आलेले परमहंस योगानंद आणि लाहिरी महाशय मात्र मुखपृष्ठावर राहिले. आजही दिसतात.

त्याच अल्बममध्ये दिलरुबा आणि तबला वाजवणारे कोण?

‘विदिन यू विदाउट यू’ या गाण्यात हॅरिसन सोडून दुसरा बीटल नाही. १५ मार्चला स्टुडिओत गालिचा अंथरून भारतीय वादक बसले आणि ३ एप्रिलला त्यावर व्हायोलिन आणि चेलो चढले. पाश्चात्त्य वादकांना दिलरुब्याची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, गाठायची होती. त्यासाठी जॉर्ज मार्टिननी बरीच मेहनत घेतली.

या भारतीय वादकांची नावं रेकॉर्डवर छापलीच नव्हती. पन्नास वर्षं जगभर लोक त्यांचं वादन ऐकत होते आणि ते कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं. २०१७ मध्ये नावं पुढे आली. दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कनसारा, तबल्यावर नटवर सोनी. अल्बमवर बोलताना ही चार नावं घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं. वादकाचं नाव लिहिणं हे उपकार नाहीत, ते त्याचं देणं आहे.

हे वादक लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलच्या वर्तुळातले होते. मूळचे कर्नाटकातले आयाना अंगडी आणि त्यांच्या इंग्रज पत्नी पॅट्रिशिया ही संस्था चालवत. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन तिचे अध्यक्ष होते. हॅरिसनची पंडित रविशंकरांशी पहिली भेट १९६६ मध्ये अंगडींच्याच घरी झाली. त्यानंतर सप्टेंबरमध्ये तो सतार शिकायला मुंबईत आला आणि ताजमध्ये उतरला. ‘सार्जंट पेपर’मधल्या गाण्याचं बीज या शिकवणीत आहे.

म्हणजे भारतीय संगीत ब्रिटनमध्ये बीटल्सनी नेलं?

नाही. ते आधीपासून होतं. बीटल्समुळे ते आणखी लाखो कानांवर गेलं, इतकंच.

याच सुमाराला कोलकात्यात जन्मलेले जॉन मेयर आणि जमैकाहून आलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी लंडनमध्ये ‘इंडो-जॅझ’ हा प्रयोग उभा केला. पाच जॅझ वादक आणि त्यांच्यासमोर मेयर यांचे पाच अशी रचना. सतारीवर दिवाण मोतीहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर आणि तबल्यावर केशव साठे. मराठी वाचकांनी साठ्यांचा तबला शोधून ऐकावा. जॅझचे ड्रम आणि तबला एकत्र आले की एकानं दुसऱ्याला गिळण्याचा धोका असतो. इथे दोघंही एकमेकांना जागा देतात. सतारीची नुसती फोडणी घातलेली पॉप गाणी त्या वर्षी पुष्कळ निघाली. त्यांच्यापेक्षा हे काम कितीतरी खोल आहे, पण चर्चा मात्र कमी.

मेन्युहिन आणि रविशंकर यांचा ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ हा पहिला अल्बमही १९६७ चाच.

‘पायरेट रेडिओ’ म्हणजे काय? ते बंद का केलं?

तेव्हा ब्रिटनमध्ये रेडिओवर बीबीसीची मक्तेदारी होती. बीबीसीला रेकॉर्ड हव्या तितक्या वाजवता येत नसत. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी करार होता. त्यानुसार दिवसाला ठरावीक तासच रेकॉर्ड लावता येत. याला ‘नीडल टाइम’ म्हणत. बाकीच्या वेळात स्टुडिओतले वाद्यवृंद तीच गाणी आपल्या पद्धतीनं वाजवत. सोळा वर्षांच्या पोराला स्टोन्स ऐकायचे असत आणि त्याला मिळे नृत्यवृंदानं वाजवलेली नक्कल.

१९६४ च्या ईस्टरला रोनन ओराहिली या आयरिश तरुणानं जहाजावरून ‘रेडिओ कॅरोलाइन’ सुरू केलं. जहाज सागरी हद्दीच्या बाहेर, म्हणजे ब्रिटिश कायद्याच्याही बाहेर. म्हणून अशा केंद्रांना ‘पायरेट’, म्हणजे चाचे, म्हणत. मग ‘रेडिओ लंडन’ आलं. एसेक्सच्या किनाऱ्यासमोर नांगरलेलं ‘गॅलक्सी’ हे त्याचं जहाज. टेम्सच्या मुखाशी युद्धकाळात बांधलेले बुरूज होते, त्यांवरूनही केंद्रं चालली. दिवसभर रेकॉर्ड, मधे जाहिराती आणि निवेदक मित्राशी बोलावं तसे बोलणारे.

सरकारला हे खुपलं. सागरी लहरींत व्यत्यय येतो, कलाकारांना मानधन मिळत नाही, ही कारणं होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. जून १९६६ मध्ये अशाच एका केंद्राच्या मालकाचा व्यवसायातल्या भांडणात गोळी लागून मृत्यू झाला. तेव्हापासून कायद्याची घाई वाढली. नवा कायदा जहाजावर चढून पकडायचा नव्हता. ब्रिटिश माणसानं तिथे काम करायचं नाही, माल पुरवायचा नाही, जाहिरात द्यायची नाही. थोडक्यात रसद तोडली. १४ ऑगस्ट १९६७ ला दुपारी तीन वाजता रेडिओ लंडन गप्प झालं आणि त्याच मध्यरात्री कायदा लागू झाला. कॅरोलाइन मार्च १९६८ पर्यंत तग धरून राहिलं.

द हू या बँडनं डिसेंबरमध्ये ‘द हू सेल आउट’ हा अल्बम काढला. गाण्यांच्या मधे रेडिओ लंडनच्या जिंगल्स आणि खोट्या जाहिराती घातल्या. बंद पडलेल्या केंद्राला वाहिलेली एवढी प्रेमळ आदरांजली दुसरी नाही.

मग बीबीसीचं पॉप केंद्र, रेडिओ १, कसं आलं?

३० सप्टेंबर १९६७, शनिवार, सकाळचे सात. निवेदक टोनी ब्लॅकबर्न, जो आधी जहाजांवरच होता. पहिलं गाणं द मूव्ह या बर्मिंगहॅमच्या बँडचं, ‘फ्लॉवर्स इन द रेन’. बीबीसीच्या जुन्या केंद्रांपैकी लाइट प्रोग्रामचं रेडिओ २ झालं, थर्डचं ३ आणि होम सर्व्हिसचं ४. जॉन पील, केनी एव्हरेट असे जहाजांवरचे कितीतरी आवाज बीबीसीत आले. सरकारनं एका हातानं बंद केलं आणि दुसऱ्या हातानं तीच माणसं कामाला लावली. नीडल टाइम मात्र सुटला नाही. त्यातून एक चांगलं झालं. बीबीसीसाठी बँडना स्टुडिओत येऊन प्रत्यक्ष वाजवावं लागे. पीलच्या कार्यक्रमांतली अशी सत्रं पुढे स्वतंत्र अल्बम म्हणून निघाली.

द मूव्हची कहाणी मात्र दुःखाची. त्यांच्या मॅनेजरनं गाण्याच्या प्रसिद्धीसाठी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांची बदनामी करणारं पोस्टकार्ड छापलं. विल्सन कोर्टात गेले आणि जिंकले. गाण्याचं मानधन धर्मादाय संस्थांना देण्याचं ठरलं. गाणं लिहिणाऱ्या रॉय वूडचा त्या पोस्टकार्डाशी काही संबंध नव्हता, तरी त्याला आपल्या गाजलेल्या गाण्याची कमाई मिळाली नाही.

रोलिंग स्टोन्स तुरुंगात गेले होते का?

थोडक्यात, हो. फेब्रुवारीत बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याच्या ससेक्समधल्या घरावर अमली पदार्थांसाठी छापा पडला. जूनच्या अखेरीस गायक मिक जॅगरला तीन महिने आणि रिचर्ड्सला एक वर्षाची शिक्षा झाली. दोघं लगेच जामिनावर सुटले. १ जुलैला ‘द टाइम्स’नं अग्रलेखात विचारलं की नाव मोठं म्हणून शिक्षाही मोठी का. सनातनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वृत्तपत्रानं स्टोन्सची बाजू घ्यावी, ही त्या उन्हाळ्यातली खरी बातमी. ३१ जुलैला अपिलात रिचर्ड्स सुटला आणि जॅगरची कैद रद्द झाली.

पिंक फ्लॉइडची सुरुवात याच वर्षाची ना?

पहिला अल्बम याच वर्षाचा, ऑगस्टमधला. तोही ॲबी रोडवरच, बीटल्स शेजारच्या स्टुडिओत असताना ध्वनिमुद्रित झाला. निर्माते नॉर्मन स्मिथ पूर्वी बीटल्सचेच ध्वनिमुद्रक होते. त्याआधी टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या तळघरातल्या ‘यूएफओ’ क्लबात पिंक फ्लॉइड रात्र रात्र वाजवत. तेव्हा बँड गायक-गिटारवादक सिड बॅरेटचा होता. वर्ष संपेपर्यंत त्याची तब्येत ढासळली आणि पुढच्या वर्षी तो बँडमधून गेला. पुढचा फ्लॉइड ज्यांना आवडतो, त्यांनी हा पहिला अल्बम त्याच्याशी तुलना न करता ऐकावा.

बीटल्सचे मॅनेजर ब्रायन एप्स्टाइन यांचं निधन याच वर्षी झालं का?

२७ ऑगस्टला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी. बीटल्स तेव्हा वेल्समधल्या बँगोरला महर्षी महेश योगींच्या शिबिरात होते. दोनच महिन्यांपूर्वी, २५ जूनला, ‘अवर वर्ल्ड’ या उपग्रहावरून झालेल्या पहिल्या जागतिक थेट प्रक्षेपणात ते ‘ऑल यू नीड इज लव्ह’ गायले होते. त्या उंचीवरून इतक्या लवकर बँडचा सांभाळणारा माणूस गेला. पैशाचे, कराराचे सगळे व्यवहार तेच बघत. पुढच्या काळातल्या बीटल्सच्या भांडणांची मुळं इथे सापडतात.

शास्त्रीय संगीतात काही घडलं की नाही?

घडलं तर! १ मार्चला लंडनमध्ये टेम्सकाठी क्वीन एलिझाबेथ हॉल उघडला. त्याच सभागृहात मे महिन्यात पिंक फ्लॉइडनं चारी बाजूंनी आवाज फिरवण्याचा प्रयोग केला. २ जूनला सफोकमध्ये संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी जुन्या माल्टच्या कोठाराचं सभागृह केलं, स्नेप मॉल्टिंग्ज. विटांच्या भिंती आणि लाकडी छत यांमुळे तिथला नाद आजही वाखाणला जातो. ऑक्टोबरमध्ये वाद्यवृंद संचालक सर माल्कम सार्जंट गेले. प्रॉम्स या लंडनच्या वार्षिक संगीत महोत्सवाच्या शेवटच्या रात्री, आजारी असतानाही, ते श्रोत्यांना भेटून गेले होते. चेलोवादक जॅकलिन दु प्रे यांनी जूनमध्ये जेरुसलेमला पियानोवादक डॅनियल बॅरेनबॉइम यांच्याशी लग्न केलं. या लग्नात साक्षीदार म्हणून मुंबईचे वाद्यवृंद संचालक झुबिन मेहता होते.

फ्रेडी मर्क्युरी तेव्हा कुठे होता?

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथेच ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवलेला हा मुलगा १९६७ मध्ये लंडनच्या ईलिंग कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकत होता. नाव अजून फरोख बलसारा. हेंड्रिक्सचा निस्सीम भक्त. ज्याचा गायक म्हणून तो गाजला तो क्वीन बँड अजून तीन वर्षं दूर होता.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

थेट ‘सार्जंट पेपर’पासून नको. आधी ‘रिलीज मी’ ऐका, मग सँडी शॉचं ‘पपेट ऑन अ स्ट्रिंग’, ज्यानं एप्रिलमध्ये ब्रिटनला युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेचं पहिलं विजेतेपद दिलं. मग द किंक्सचं ‘वॉटर्लू सनसेट’. मग प्रोकोल हॅरमचं ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’, जे जून-जुलैमध्ये सहा आठवडे पहिलं होतं. वर्षाअखेरीस गाजलेलं द फाउंडेशन्सचं ‘बेबी नाउ दॅट आय हॅव फाउंड यू’ सोडू नका. वेस्ट इंडीज, श्रीलंका आणि ब्रिटन इथले वादक एका बँडमध्ये होते आणि गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. एवढं कानात मुरलं की हेंड्रिक्स, नंतर ‘सार्जंट पेपर’. तोही मिळाला तर मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीतून देणाऱ्या, प्रतीत, कारण बीटल्स स्वतः बसले होते ते मोनो मिश्रणाला. स्टिरिओचं काम नंतर इतरांनी उरकलं. ‘इंडो-जॅझ’ शेवटी ठेवा आणि ऐकताना केशव साठ्यांच्या डग्ग्याकडे लक्ष ठेवा.